बंबाच्या बदल्यात

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी मला फसवलं. माझ्याकडून तांब्याचा बंब घेतला आणि बदल्यात जे द्यायचं कबूल केलं होतं ते दिलं नाही. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचा धंदा मी नाशकात तीस वर्षं केला. आधी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार, मग स्वतःच्या दुकानात. या तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मला विटलेला शालू कोरा म्हणून दिला, उसवलेली पँट घडी घालून दिली, एका बाईने तर नवऱ्याचा अंगातला सदरा दिला आणि संध्याकाळी तो नवरा उघडाच माझ्या दारात आला. त्या सगळ्यांना मी पुरून उरले. मला पुरून उरला असा हा एकच माणूस, आणि गावात तो प्रामाणिक म्हणून प्रसिद्ध होता.

गेलेल्या माणसावर आळ घेते असं कुणी म्हणू नये. साहेब होते तेव्हा त्यांच्या तोंडावर मी हे दहा वेळा बोलले आहे. त्यांनी एकदाही हुज्जत घातली नाही. "बाई, तक्रार रास्त आहे," एवढंच म्हणायचे, आणि अंगणातला पेरू कापून पुढे ठेवायचे. चार फोडी, चारही सारख्या. तुम्ही ताजव्यात घालून बघा.

नोकरीत असताना ते भाजीबाजारात शिरले की पहिला भाजीवाला हाळी द्यायचा, "साहेब आले रे!" मग पार शेवटच्या कोथिंबीरवालीपर्यंत पारड्याखाली चिकटवलेली चिंच, लोहचुंबकाचे तुकडे, काय काय ते भराभर निघायचं. साहेब निवृत्त झाल्यावरही ही हाळी पाच-सहा वर्षं चालू होती, कारण आपण निवृत्त झालो हे त्यांनी बाजारात सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, हा खोटेपणा झाला." तर म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." हे वाक्य तेव्हाच मी नीट ऐकायला हवं होतं.

सदऱ्याच्या खिशात पितळेचं पन्नास ग्रॅमचं वजन असायचं, दुसरे लोक अंगारा ठेवतात तसं. 'सुमारे' हा शब्द त्यांना चालत नसे. "पाच मिनिटांत येते," असं कुणी म्हटलं की ते मनगटाकडे बघायचे. मी एकदा सात मिनिटांनी आले तर विचारतात, "बाई, दोन मिनिटं कुठे गेली?" मी म्हटलं, "तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याने खाल्ली." त्यांनी खरोखर कुत्र्याकडे बघितलं.

घर गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, बैठं. मी पाटी घेऊन जायचे तेव्हा माझा व्यवहार काकूंशी. काकू म्हणजे साहेबांची बायको. घासाघीस करण्यात माझ्या तोडीची गावात एकच बाई मी पाहिली, ती ही.

"अगं, पदराला हात लावून बघ. तीनदा नेसलेय फक्त."

"तीनदा नेसली असेल काकू, पण धुतलीय तीनशेदा."

"मग डब्याला झाकण दे."

"झाकण वेगळं."

"बिनझाकणाचा डबा काय डोक्यावर घालू? ठेव तो, आण माझी साडी इकडे."

असं करत करत डबा, झाकण, वर एक चमचा, आणि निघताना पाण्याचा तांब्या भरून मलाच पाजायच्या. त्यांच्या दारातून मी नेहमी नुकसान सोसून आणि हसत बाहेर पडले.

माझं दुकान झालं त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले. दुकान भद्रकालीत, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. तांबं-पितळ वजनावर विकायचं म्हणून मी काटा घेतला होता. पहिल्याच आठवड्यात साहेब आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खिशातलं वजन काढलं, पारड्यात ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मी मनात म्हटलं, बोलला की याच्या अंगावर घागर फेकते. ते म्हणाले, "बाई, तुमचा काटा खोटा आहे." मी जे तोंड सोडलं ते शेजारचे दुकानदार अजून सांगतात. साहेबांनी वजन पुसून खिशात टाकलं. माझा दम संपल्यावर म्हणाले, "खोटा आहे, पण तुमच्या विरुद्ध. किलोमागे तीस ग्रॅम माल तुम्ही लोकांना फुकट देताय. पारडं रिकामं असताना काटा शून्यावर यायला हवा. तुमचा येत नाही. ज्याने विकला त्याच्याकडे जा आणि हे तोंड तिथे वापरा."

मी गेले आणि वापरलं. काटा बदलून मिळाला. त्या दिवसापासून या माणसाचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन, असं मी धरून चालले. माझी चूक तिथेच झाली.

निवृत्तीनंतर साहेबांनी एक काम काढलं. आपल्याला लागू पडेल असा धर्म शोधायचा. मला म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकांचे काटे तपासले. माझा स्वतःचा तपासायचा राहिला." त्यांना सगळीकडचं काही ना काही ओढत होतं. लहानपणी आईबरोबर कीर्तनाला बसलेले, शाळा मिशनरी बाईंची, नोकरीतला पहिला मित्र मुसलमान, दुसरा शीख. कुठलीही घंटा वाजली, बांग झाली की हा माणूस मान तिरकी करून ऐकत राहायचा.

पण पद्धत खात्याची. एका वेळी एकच वजन पारड्यात. आठ-दहा महिने एकच मार्ग, अर्धवट नाही. तिथलं जेवण, तिथल्या वेळा, तिथली पुस्तकं आणि तिथले कपडे. "परक्याच्या घरी गेल्यासारखं दारात उभं राहून काही कळत नाही," म्हणायचे. म्हणून अंगभर त्याच मार्गाचा पोशाख शिवून घ्यायचे. पुण्याहून कापड आणायचे. काकू कपाळाला हात लावायच्या. "लग्नात मला दोन साड्या घेतल्या. आता देवाला दरवर्षी नवा जोड."

म्हसरूळच्या डोंगरावर जैन मंदिरात जायला लागले तेव्हा शुभ्र धोतर, शुभ्र उपरणं. सूर्यास्तापूर्वी जेवण. सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट भिंतीवर लिहिलेली. नऊ महिने कांदा-बटाटा बंद. नवव्या महिन्यात काकूंनी बटाट्याची भाजी केली आणि साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. काकू सांगायच्या, "मी पाठ फिरवली, तर कढईचं झाकण वाजलं." दुसऱ्या दिवशी धोतर-उपरणं माझ्याकडे. मी विचारलं, "काय साहेब, माल पसंत नाही?" तर म्हणाले, "माल चोख आहे, बाई. कमी मी पडलो."

हे त्यांचं प्रत्येक वेळचं उत्तर. शरणपूरच्या चर्चमध्ये जायचे तेव्हा काळा सूट आणि टाय. तिथली शांतता त्यांना इतकी आवडली की पहिले दोन महिने घरीही बोलायचे नाहीत. पण गाण्यात घेतल्यावर त्यांचा सूर असा लागला की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांचा हात प्रेमाने दाबला आणि सोडलाच नाही. रमजानचे रोजे तीसच्या तीस केले, जुन्या नाशकातल्या मित्राच्या घरी इफ्तार. तो मित्र मला म्हणाला, "आपा, आम्ही खजूर खातो आणि साहेब आधी घड्याळ बघतात." गुरुद्वाऱ्यात लंगरला बसून आले की चेहरा उजळलेला असायचा. "सगळ्यांच्या ताटात सारखं पडतं, बाई. कुणी तक्रार करेल तर निरीक्षकाला काम नाही." पांडवलेण्यांतल्या बुद्धापुढे जाऊन डोळे मिटून बसायचे, ते एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी म्हणाले, "श्वास मोजायला सांगितलं नव्हतं, नुसता बघायला सांगितला होता. मी मोजत बसलो. नापास."

आता माझ्या बंबाचं. त्याआधी वणीचं सांगावं लागेल.

माझा नवरा मालेगावला यंत्रमागावर कामाला म्हणून गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. मी वणीच्या गडावर देवीला नवस बोलले, तो परत येऊ दे. साडी, खण, नारळ, सगळं आधीच वाहिलं. आगाऊ दिलं, हीच चूक. तो आला नाही. आता मागे बघितलं तर वाटतं, देवीने ऐकलं नाही ते माझ्याच भल्याचं केलं. पण व्यवहार म्हणून बघितलं तर माझी साडी गेली. तेव्हापासून मी कुठल्याच देवळाची पायरी चढले नाही. मुलगी वाढवली, पाटीचं दुकान केलं, दुकानाचं घर केलं. घर झालं तर बांधणाऱ्याने हॉलमध्ये न विचारता संगमरवरी देव्हारा करून ठेवला. त्यात काय ठेवायचं? मुलगी म्हणे, "आई, फोन ठेवू." मी म्हटलं, खबरदार. रिकामा राहू दे, पण खोटं काही तिथे ठेवणार नाही.

हसू नका. दिवसभर माणसांशी भांडून घरी आले की मला कुणापुढे तरी हात जोडावेसे वाटायचे. कुणापुढे, एवढंच ठरत नव्हतं. शोधत फिरायला मला वेळ नव्हता, आणि पुन्हा फसायची हौस नव्हती.

आणि इथे एक माणूस तेच शोधत गावभर फिरत होता, तेही पन्नास ग्रॅमचं वजन खिशात घेऊन.

एक दिवस साहेब दुकानात येऊन तांब्याच्या बंबापुढे उभे राहिले. तो बंब विकायचा नव्हता. इथल्याच तांबटाने घडवलेला, जुना, जाड पत्र्याचा. मी पाटीवर असताना एका घरातून मिळवलेली ती माझी पहिली मोठी वस्तू. "बाई, हा हवा. पहाटे चारला गरम पाणी लागतं. बाकी काहीही बदललं तरी अंघोळ सगळ्या धर्मांत चालते."

मी म्हटलं, "याच्यावर कपडे चालणार नाहीत."

"मग काय चालेल?"

"तुम्हाला खरं सापडलं की मला सांगायचं. पहिलं मला. काकूंच्याही आधी. तुम्ही तपासलेलं मी डोळे मिटून घेईन."

साहेबांनी बराच विचार केला. घड्याळ नाही बघितलं, म्हणजे खरोखर विचार केला. मग म्हणाले, "कबूल." मी बंब हातगाडीवर चढवून दिला. आमच्या धंद्यात भांडं गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की व्यवहार पक्का. ना ते परत देणार, ना मी परत घेणार.

पुढची सात-आठ वर्षं आमची झकास गेली. साहेबांनी मार्ग बदलला की काकू निरोप धाडायच्या, "ये, तुझे देवाचे कपडे काढून ठेवलेत." मी जायचे, भांडं द्यायचे, आणि साहेबांना विचारायचे, "काय अहवाल?" मग पेरू, चहा आणि अहवाल. कुठल्या ठिकाणी काय उत्तम आहे ते ते असं सांगायचे की मला वाटायचं आत्ता उठून जावं. आणि शेवटी, "पण मी कमी पडलो." मी म्हणायचे, "साहेब, तुम्ही असेच कमी पडत राहिलात तर मी म्हातारी होईन." काकू आतून ओरडायच्या, "माझं झालंय ते!"

एकदा पंचाईत झाली. कुर्ता-पायजमा आणि जाळीची टोपी देऊन वीस दिवस झाले होते. साहेब धापा टाकत दुकानात आले. "बाई, ते परत द्या. मी घाई केली. माझं अजून संपलेलं नाही." मी ते बाजारात कधीच विकून टाकलं होतं. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. तेव्हापासून नियम केला, साहेबांचा पोशाख महिनाभर विकायचा नाही. एकतीस दिवस, त्यांनीच मोजून सांगितले. दुकानात त्यांचं गाठोडं वेगळं बांधून ठेवत असे. तुकड्या-तुकड्याने किती धर्म त्या एका चादरीत गुण्यागोविंदाने राहिले असतील! नुसती डांबरगोळी टाकली की काम व्हायचं.

भगव्या कफनीची गोष्ट सांगायलाच हवी. कुंभाच्या आधी साहेब त्र्यंबकच्या एका साधूबुवांकडे जायचे. पाच महिने कफनी घातली, मग सोडली. एकतीस दिवस झाल्यावर मी ती पेठ तालुक्याकडच्या एका मजुराला दिली. थंडी होती, तो उघडा कुडकुडत होता, जाड कापड म्हणून त्याने घेतली. चार दिवसांनी परत आला. कफनी घडी घालून गल्ल्यावर ठेवली.

"बाय, ही नको मला."

"का रे? फाटली?"

"नाय. नाक्यावर उभा रायतो तं मला कामाला कोणी नेत नाय. पाया पडत्यात. पोट भरत्यात, पन काम नाय देत. काल एक बाई पोराचं लगीन कवा व्हईल ते इचारत व्हती."

"मग काय सांगितलंस?"

"सांगलं, भात कापून झाला का व्हईल."

मी साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. मग चष्मा पुन्हा चढवला. म्हणाले, "त्याने चार दिवसांत परत केली. मला पाच महिने लागले." त्या मजुराला काकूंनी साहेबांचा जुना लोकरीचा कोट दिला आणि त्याच्यावर माझ्याकडून काहीच घेतलं नाही. साहेब होते तोवर काकूंनी घासाघीस न करता दिलेली ही एकच वस्तू.

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षाने काकूंचे निरोप यायचे थांबले. मी दोन-तीनदा स्वतःहून गेले. साहेब आपले साध्या पांढऱ्या बुशशर्टात, टेरिलीनच्या पँटमध्ये. पोशाख नाही. अहवाल विचारला तर पेरू कापायचे आणि म्हणायचे, "यंदा झाड चांगलं धरलंय." चेहरा निवांत, तांब्याला चिंच लावून घासल्यावर जसा रंग येतो तसा. मी धंदेवाली बाई. माल मिळालेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला ओळखता येतो. त्याचे पाय बाजारात रेंगाळत नाहीत.

काकूंनीच सांगितलं, "रोज सकाळी सहाला सायकल काढतात, आठला येतात. कुठे जातात, सांगत नाहीत."

मग मी काय केलं? जे कुणीही केलं असतं ते. ओळखीचा रिक्षावाला ठरवला आणि सकाळी पावणेसहाला गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसले. साहेब बरोबर सहाला निघाले. पुढे सायकल, मागे आमची रिक्षा. सायकल आधी रामकुंडावर गेली. साहेब उतरले, चपला काढल्या, हात जोडून पाच मिनिटं उभे राहिले. मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकले. म्हटलं, शेवटी राम! पण ते परत सायकलवर बसले. जुन्या नाशकात दर्ग्यापाशी उतरले, चपला काढल्या, पाच मिनिटं. मग शिंगाडा तलावाचा गुरुद्वारा, डोक्याला रुमाल, पाच मिनिटं. मग शरणपूरचं चर्च. रिक्षावाला वळून मला म्हणाला, "मावशी, हे बाबा पोस्टमन आहेत का?" मी म्हटलं, "गप चालव."

सायकल हमरस्त्याला लागली, आणि एवढा वयस्कर माणूस पांडवलेण्यांपर्यंत एका दमात गेला. डोंगराच्या पायथ्याशी सायकल लावली, सरळ आमच्या रिक्षापाशी आले आणि आत वाकून बघितलं. माझ्याकडे नाही. रिक्षावाल्याच्या मीटरकडे.

"मीटर का टाकलं नाही?"

नाशकात रिक्षाचं मीटर कुणी टाकताना मी तोवर बघितलं नव्हतं. तरी तो रिक्षावाला खाली उतरून उभा राहिला, शाळेत राहतात तसा. "साहेब, ते... बंद आहे."

"बंद आहे की बंद ठेवलंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही रामकुंडापासून दिसत होता. मुद्दाम फिरवलं. तुम्हाला सगळी ठिकाणं एकदा बघायला मिळावीत म्हणून."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यातच उतरले. "साहेब, खेळ पुरे. खरं सांगा. सापडलं ना?"

"सापडलं."

"काटा शून्यावर?"

"शून्यावर. वर्ष झालं, हललेला नाही."

"मग बोला. कुठलं?"

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, मी निरीक्षक. काटा खरा की खोटा हे मी सांगू शकतो. कुठल्या दुकानात जा हे निरीक्षकाने सांगायचं नसतं. पस्तीस वर्षांत सख्ख्या भावाला सांगितलं नाही, किराणा कुठून आण ते."

"बरं. मग कुणाचा काटा खोटा आहे ते सांगा. तेवढे सोडून देते."

"मी गेलो तिथले सगळे खरे निघाले. चूक निघाली ती माझ्यात."

"सगळे खरे, मग तुम्हाला एकच कसं सापडलं?"

"सगळी दुकानं खरी असली तरी माणूस तेल एकाच दुकानातून आणतो ना?"

"तेच दुकान विचारतेय मी!" माझा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. रिक्षावाला हळूच म्हणाला, "सांगून टाका ना साहेब. माझं पण काम होईल."

"असं होतं तर तेव्हा कबूल का केलंत?"

या प्रश्नावर मात्र साहेबांनी मान खाली घातली. "तेव्हा मला वाटलं होतं, एक खरा निघेल आणि बाकीचे खोटे. खोट्याची सूचना देणं माझं कामच होतं, म्हणून कबूल केलं. सगळे खरे निघतील हे मला ठाऊक नव्हतं. तक्रार रास्त आहे. बंब परत घेऊन जा."

"भांडं परत घेत नाही मी!"

"मग तपासायची पद्धत देतो. तुम्ही स्वतः तपासा."

"वेळ नाही मला!"

"साडेतीन तास माझ्या मागे रिक्षातून फिरायला होता," साहेब म्हणाले. खरं तर दोन तासच झाले होते. आयुष्यात त्यांनी केलेली एवढी एकच चुकीची मोजणी मी ऐकली. ती बहुधा मला शांत करण्यासाठी असावी, कारण मी लगेच "दोन!" म्हणून ओरडले, आणि त्या ओरडण्यात राग निम्मा उतरला. मग तिथल्या टपरीवर आम्ही तिघांनी चहा घेतला. रिक्षावाल्याने येताना मीटर टाकलं. त्या रिक्षावाल्याला मी पहिल्यांदा हसताना बघितलं; मागून साहेब सायकलवरून हात करत होते.

साहेब त्यानंतर दोन वर्षांनी गेले. आजार नाही, धावपळ नाही. सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसले ते बसलेच. मी बातमी कळताच गेले. रडले, खोटं कशाला सांगू. पण मनात एक हिशेबी विचारही होता. आता तर कळेलच. कोण येतं, काय म्हणतं, कुठल्या रीतीने नेतात. आणि दारात शववाहिका उभी. साहेबांनी देह वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन ठेवला होता. ना मंत्र, ना प्रार्थना, ना खांदा. सही करून नेलं. जमलेल्यांत साधूबुवांकडचे होते, चर्चमधल्या म्हाताऱ्या बाई होत्या, इफ्तारवाला मित्र होता. प्रत्येकाचे डोळे ओले आणि प्रत्येकाची खात्री, साहेब शेवटी आमचेच. मी मनात म्हटलं, वा रे वा. जातानाही चिठ्ठी कोरी.

एवढं सगळं असूनही साहेबांची आठवण आली की मला बरंच वाटतं. इतकी वर्षं माझ्या वाटेचं शोधायला कुणीतरी हिंडत होतं, हे काय कमी आहे? वणीच्या गडावरही मी गेल्या वर्षी जाऊन आले. काही मागितलं नाही, त्यामुळे भांडण झालं नाही. देव्हारा रिकामाच आहे, रोज पुसते मात्र. पण समाधान वेगळं आणि हिशेबातलं येणं वेगळं. माझं येणं बाकी आहे, आणि ते कुणाकडे आहे हे आता मला कळलंय.

काकूंकडे.

गेल्या दिवाळीपासून बघतेय. काकू सकाळी सहाला घराबाहेर पडतात. पंचाहत्तरी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून बाजाराला रिक्षा करते, ती सहाला पायी निघते आणि आठला येते. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय." फिरायला गेलेल्या बाईच्या चपलेवर धूळ असते. काकूंच्या तळपायाला धूळ असते. म्हणजे कुठेतरी चपला काढतात. मी पुढे म्हटलं, "काकू, साहेबांनी जाताना तुम्हाला सांगितलंय." तर माझ्याकडे बघून असं हसल्या, जसं पूर्वी झाकण फुकट मिळवल्यावर हसायच्या. आणि त्या बाईने, काकूंनी, मला निघताना चार जुन्या साड्या दिल्या आणि बदल्यात म्हणाल्या, "राहू दे गं, भांडी खूप झाली." काकू, घासाघीस सोडलीत? तुम्ही? मला आणखी कुठला पुरावा हवा?

तोंडावर विचारून झालं, म्हणून हे लिहून छापायला दिलं. काकू, तुम्ही पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, हेही वाचालच. तर ऐका. साहेब निरीक्षक होते, त्यांच्यावर खात्याचा नियम होता, त्यांना मी सोडलं. तुम्ही कुठल्याही खात्यात नव्हता. तुम्हाला नियम लागू नाही. कबूल झालं होतं की पहिलं मला, तुमच्याही आधी. माझी पाळी ओलांडून तुम्ही पुढे गेलात, ते तरी कुठल्या न्यायाने? सोमवारी सकाळी पावणेसहाला मी तुमच्या फाटकाशी उभी आहे. तोंडाने सांगायचं नसेल तर सांगू नका, मुकाट्याने चालायला लागा. मी मागून येते. पण उत्तर दिल्याशिवाय त्या दिवशी तुम्हाला मी घरात परत जाऊ देणार नाही.